सोळा पाहुणे, बंद शेगडी आणि सुपर बोलची रात्र: न शिजवता करायचे डिप

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत नवीन बिऱ्हाड, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, बघायला ऑफिसातले आणि शेजारचे मिळून सोळा जण येणार, आणि शेगडी बिघडलेली. दुरुस्तीवाला त्या रविवारनंतरच येईल. घरात फ्रीज, मिक्सर, एक चांगली सुरी आणि हौस एवढं आहे. पाहुण्यांत चौघं शाकाहारी, त्यांतल्या एक ताई अंडंही खात नाहीत, आणि एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. 'बाहेरून पिझ्झा येईलच, पण घरचं म्हणून चार डिप तरी करायचे आहेत. काही न शिजवता काय करता येईल?'

भरपूर करता येईल, आणि शेगडी चालू असती तरी मी तुम्हाला हेच करायला सांगितलं असतं. एडिसनमध्ये मी अठरा वर्षं केटरिंग करते आहे. दर फेब्रुवारीत सुपर बोलच्या आठवड्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी डिपचीच असते. माणसं चार-पाच तास टीव्हीसमोर बसणार, एका हातात ग्लास, मांडीवर कागदी ताटली. अशा वेळी ताट वाढून घेऊन बसणं कुणालाच नको असतं. डोळे पडद्यावरून न काढता हात पुढे करून खाता येईल असं काहीतरी समोर हवं.

कृतींकडे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. न शिजवलेल्या डिपचा शत्रू पाणी. शिजवताना पाणी आटतं, कांदा-टोमॅटो आपलं पाणी कढईतच सोडून मोकळे होतात. इथे तशी सोय नाही. दह्यात पाणी, काकडीत पाणी, टोमॅटोत पाणी, डब्यातल्या कडधान्यात पाणी, आणि वरून मीठ पडलं की सगळं बाहेर यायला लागतं. सकाळी झकास दिसणारं डिप संध्याकाळी पातळ होतं, चिप बुडवली की ओघळ सोफ्यावर. म्हणून काय घालायचं यापेक्षा पाणी कधी आणि कसं काढायचं, याकडे जास्त लक्ष द्या.

आणि हे आपल्याला नवीन नाही. श्रीखंड करणाऱ्या घरात चक्का कसा बांधायचा हे लहानपणापासून बघितलेलं असतं. या मेजवानीतलं तुमचं पहिलं काम तेच.

इथे दुकानात बत्तीस औंसाचा, म्हणजे साधारण नऊशे ग्रॅमचा दह्याचा डबा मिळतो. फुल फॅट घ्या. फॅट-फ्री दह्याचा चक्का खडूसारखा लागतो आणि कितीही मसाला घाला, मागे एक कोरडी चव राहतेच. डब्यावरचे घटकही वाचा. जिलेटिन घातलेलं दही पाणी सोडत नाही, रात्रभर ठेवलं तरी आहे तसंच बसून राहतं. शिवाय जिलेटिन शाकाहारी नसतं. घटकांत फक्त दूध आणि विरजण असेल तोच डबा उचला. असे दोन डबे आणा.

शुक्रवारी रात्री एका मोठ्या पातेल्यावर रोवळी किंवा गाळणी ठेवा, त्यावर धुऊन पिळलेला पातळ सुती पंचा दुहेरी घाला आणि दही त्यात ओता. पंचा नवा असेल तर आधी दोन-तीन पाण्यांतून काढा, नाहीतर त्याच्या खळीचा वास चक्क्याला लागतो. कडा आत दुमडा, वर एक ताटली ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवा. आपल्याकडे पुरचुंडी खुंटीला किंवा नळाला टांगतात. इथे फेब्रुवारीत बाहेर बर्फ असला तरी घरात हीटर चालू असतो, टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं. श्रीखंडात साखर तो आंबटपणा झाकते, डिपमध्ये झाकायला काही नाही. म्हणून फ्रीजच.

सकाळी पातेल्यात पिवळसर पाणी दिसेल. ते काढून टाका, कडेचा चक्का पंच्याच्या कोपऱ्यांनी मध्ये आणा आणि परत ठेवा. दहा-बारा तासांनी नऊशे ग्रॅम दह्याचा साधारण निम्मा चक्का उरतो. झाला की नाही हे वजनावरून ठरवत बसू नका. चमच्याने मध्ये एक रेघ ओढा आणि मिनिटभर थांबा. रेघेत पाणी झिरपलं तर अजून दोन तास ठेवा. रेघ जशीच्या तशी कोरडी राहिली, कडा उभ्या राहिल्या, तर चक्का तयार. दोन डब्यांचे मिळून जवळजवळ चार कप होतील. त्यात दोन डिप निघतात.

वेळच नसेल तर ग्रीक योगर्ट घ्या. ते मुळात गाळलेलं असतं, पण तेही तीन-चार तास पंच्यात ठेवाच. फरक चिपवर कळतो.

यातलं पहिलं डिप मेतकुटाचं. हे मी प्रत्येक पार्टीला पाठवते. ज्यांनी मेतकूट हा शब्द जन्मात ऐकलेला नाही ती माणसं वाडगा निपटून काढतात आणि मग विचारतात, यात आहे काय? मेतकुटातल्या डाळी, तांदूळ, मेथ्या, धणे आधीच भाजून दळलेले असतात, म्हणजे शिजवण्याचं काम कुणीतरी तुमच्यासाठी करून ठेवलंय. दोन कप चक्का घ्या आणि तो आधी एकटाच चमच्याने घोटा. गुठळ्या मोडून लोण्यासारखा झाला की तीन मोठे चमचे मेतकूट, बारीक चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि चिमूट साखर घाला. मीठ आत्ता घालू नका. मेतकूट ओलावा पितं, अर्ध्या तासात मिश्रण घट्ट होतं. म्हणून करताना किंचित सैल वाटलं तरी हात आवरा, जास्त मेतकूट घातलंत तर नंतर पिठूळ लागतं. वाढताना मीठ घाला आणि वर एक चमचा कच्चं तेल सोडा. फोडणी नसल्याची उणीव ते तेलच भरून काढतं. मेतकूट-भातावर कच्चं तेल घेणाऱ्या घरातून आला असाल तर ही चव ओळखीची वाटेल.

दुसरं डिप कांद्याचं, आणि ते पूर्णपणे इथलं आहे. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात सुक्या कांद्याच्या सूपचं पाकीट सावर क्रीममध्ये कालवायची पद्धत सुरू झाली आणि बघता बघता ती अमेरिकेतल्या प्रत्येक घरात पोचली. आजही बटाट्याच्या चिप्सबरोबर लोक हीच चव शोधतात, त्यामुळे तुमच्या टेबलावर ही असायलाच हवी. पाकिटात मीठ फार असतं आणि काहींत मांसाचा अंश असतो, म्हणून मी ते वापरत नाही. आपल्या किराणा दुकानात बिर्याणीसाठी तळलेल्या कांद्याची पाकिटं मिळतात, त्यातला दीड कप कांदा घेते. अर्धा हाताने चुरडून दोन कप चक्क्यात मिसळते. बरोबर पाव चमचा मिरपूड, अर्धा चमचा लसणाची पूड आणि लिंबाचे चार थेंब. हे शनिवारी रात्री करून ठेवा. रात्रभरात सुका कांदा चक्क्यातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतो, फुगतो आणि आपली गोडसर, खरपूस चव सगळीकडे पसरवतो. ताजं केलेलं आणि रात्रभर मुरलेलं एकाच वेळी चाखून बघा, दोन वेगळे पदार्थ वाटतील. उरलेला कांदा वाढतानाच वर भुरभुरा, म्हणजे दाताखाली कुरकुरीतपणा येतो. या कांद्याला बहुतेक कंपन्या मैदा लावतात, कुणी गहू टाळत असेल तर आधी सांगा.

चक्क्यात काकडीचंही करावंसं वाटेल. ग्रीक लोकांचं झात्झिकी म्हणजे आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचं जवळचं नातलग. ते करा, पण माझी चूक करू नका. पहिल्या वर्षी एका घरी तीस माणसांची ऑर्डर होती. दुपारी बारालाच काकडी किसून, मीठ घालून, दह्यात कालवून वाडगे भरून ठेवले. सहाला झाकण काढलं तर वर बोटभर पाणी आणि खाली चोथा. ढवळलं तर ताक. त्या यजमानीणबाई काही बोलल्या नाहीत, पण वाडगा टेबलावरून उचलून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आईनं खमंग काकडी करताना शंभरदा सांगितलं होतं, मीठ पानं वाढायच्या वेळी. ते इथे लावायचं मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून उलटं करते. काकडी किसून आधीच मीठ लावते, वीस मिनिटं ठेवते आणि पंच्यात घालून दोन्ही हातांनी पीळ देते. पुरचुंडीतून थेंब पडायचा थांबेपर्यंत. दोन मोठ्या काकड्यांचं जवळजवळ पेलाभर पाणी निघतं. मग तो सुका कीस चक्क्यात. मीठ कामाला लावून पाणी आधीच काढून घ्यायचं किंवा मीठ अगदी शेवटी घालायचं, हे दोनच मार्ग. मधला मार्ग म्हणजे ते ताक.

आता तिसरं, ग्वाकामोली, म्हणजे अवाकाडोचं डिप, या रात्रीची मानकरी. सुपर बोलच्या आठवड्यात इथे अवाकाडोचा इतका खप असतो की दुकानात त्यांचे डोंगर लावलेले दिसतात. बहुतेक माल मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातून येतो. 2022 च्या फेब्रुवारीत तिथल्या एका अमेरिकी तपासनीसाला धमकी आली, म्हणून अमेरिकेनं नेमकी सुपर बोलच्या तोंडावर ती आयात काही दिवस थांबवली होती. त्या सामन्यापुरता माल आधीच येऊन पडला होता, तरी फोनवर सगळे तेच विचारत होते.

अवाकाडो रविवारी आणून चालत नाही. पिकलेला हवा असतो त्या दिवशी दुकानात सगळे दगडासारखे किंवा सगळे लिबलिबीत. बुधवारी सहा-सात कडक, हिरवे अवाकाडो आणा. हास जातीचे, खडबडीत सालीचे. हे नाव रुडॉल्फ हास या कॅलिफोर्नियातल्या पोस्टमनचं. त्यानं आपल्या परसात लावलेल्या एका झाडाचं 1935 मध्ये पेटंट घेतलं, आणि आज जगभर विकले जाणारे हास अवाकाडो त्या एकाच झाडाच्या कलमांपासून आलेले आहेत. आणलेले अवाकाडो कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर ठेवा. आपण आंबे अढीत घालतो त्यामागचं कारणच इथे काम करतं. फळातून निघणारा इथिलीन वायू पिशवीत कोंडतो आणि पिकणं लवकर होतं. शुक्रवारी-शनिवारी साल काळपट होईल. देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबा, लोण्यासारखा किंचित दबला की लगेच फ्रीजमध्ये टाका. तिथे तो दोन दिवस तसाच थांबतो.

ग्वाकामोली हा शब्द मेक्सिकोच्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतला, अर्थ अवाकाडोचं कालवण असा काहीसा. ते लोक मोल्काहेते नावाच्या दगडी खलात हे करतात. तुमच्याकडे खलबत्ता असेल तर मिक्सरला हातही लावू नका. आधी खलात अर्धा लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या आणि अर्धा चमचा जाड मीठ घालून ठेचा, ठेचा करतो तसंच. रस सुटून हिरवट लगदा झाला की त्यात तीन अवाकाडोंचा गर घाला आणि बत्त्यानं नुसता दाबा. गुळगुळीत करू नका, तुकडे राहिले पाहिजेत. एका लिंबाचा रस, कोथिंबिरीची पानं. टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि आतलं पाणी काढून फक्त बाहेरची भिंत चिरून घाला. मिक्सरमधून फिरवलेली ग्वाकामोली मलमासारखी होते आणि फार लवकर काळवंडते.

काळवंडण्याबद्दल थोडं. गरात एक एन्झाइम असतं, हवेतला ऑक्सिजन लागला की ते रंग तपकिरी करतं. कापलेलं वांगं आणि सफरचंद काळं पडतं तेच हे. म्हणून हवा तोडायची. वाडग्यात ग्वाकामोली दाबून सपाट करा, वर चमचाभर लिंबाचा रस पसरा आणि प्लास्टिकची फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवा, मध्ये बुडबुडा राहू देऊ नका. नुसतं वाडग्याच्या तोंडावर झाकण घातलं तर आतली हवा पुरेशी असते. बी आत ठेवली की काळं पडत नाही असं सगळे सांगतात. बीच्या खालचा तेवढा भाग हिरवा राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही. बाकी काळं पडतंच. त्यापेक्षा तीन-तीन अवाकाडोंचे दोन घाणे करा. पहिला पाहुणे यायच्या आधी, दुसरा मध्यंतरात. ठेचून झालेला मसाला फ्रीजमध्ये तयार असला की दुसऱ्याला पाच मिनिटं पुरतात.

चौथं चवळीचं, आणि हे माझं सगळ्यात लाडकं. टेक्सासमध्ये याला टेक्सास कॅव्हियार किंवा काउबॉय कॅव्हियार म्हणतात. 1940 च्या सुमारास हेलन कॉर्बिट या स्वयंपाक-तज्ज्ञ बाईंनी ह्यूस्टनच्या एका क्लबात नववर्षाच्या आदल्या रात्री चवळी तेल-व्हिनेगरमध्ये मुरवून वाढली, तिथून हे सुरू झालं. चवळी मूळची आफ्रिकेची. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिणेत आली आणि तिथे आजही नववर्षाच्या दिवशी शुभ म्हणून खातात. आपल्याकडेही ती घरोघरी आहेच. मला हे डिप पहिल्यांदा खाल्ल्यावर मोड आलेल्या कडधान्याची कोशिंबीर आठवली होती.

चवळीचा पंधरा औंसाचा डबा शिजवलेलाच असतो. चाळणीत ओतून नळाखाली फेस जाईपर्यंत धुवा आणि मग कोरड्या फडक्यावर पसरून पंधरा मिनिटं ठेवा. हे पसरणं टाळू नका, पुन्हा तेच, पाणी. त्यात अर्धा डबा मक्याचे दाणे, एक लाल ढोबळी मिरची आणि अर्धा लाल कांदा. सगळं चवळीच्या दाण्याएवढंच चिरायचं, म्हणजे चिपवर प्रत्येक घासात थोडं थोडं सगळं येतं. तीन मोठे चमचे तेल, तीन चमचे व्हिनेगर किंवा लिंबू, अर्धा चमचा जिरेपूड, एक हिरवी मिरची, मीठ. याला मात्र मीठ आधी घालायचं आणि रात्रभर मुरवायचं. इथे सुटणारा रस हवाच असतो, वाढताना झाऱ्यानं निथळून वाडग्यात भरायचं. तीनेक कप होतं.

हमस करणार असाल तर काबुली चण्याच्या डब्याचं करा, पण क्रम पाळा. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा. आंबटात लसणाचा तिखट भपका उठत नाही. मग त्यात अर्धा कप ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, फिरवा, ती दाटून येईल. आता बर्फाचं पाणी चमचा-चमचा घाला, रंग फिका होऊन ती मलईसारखी फुलते. त्यानंतर चणे. सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर हमस होतं, पण जड, पिठासारखं. मांसाहारी मंडळींसाठी दुकानातून भाजलेली कोंबडी आणून तिचे धागे काढा, क्रीम चीज आणि बफेलो नावाच्या तिखट सॉसमध्ये कालवा. गरम खायची पद्धत आहे, थंडही चालतं. त्याला वाडगा आणि चमचा वेगळा. सात थरांचं मेक्सिकन डिप दिसायला छान, पण चमचा एकदा खाली गेला की सगळा काला होतो. सोळा माणसांत मी ते करत नाही.

आता ॲलर्जीचं, आणि हे मनापासून सांगते, घाईत वाचू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी आधी फोन करा आणि किती तीव्र आहे ते विचारा. त्या दिवशी घरात दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, चिवडा बाहेर काढूच नका. 'वेगळ्या कोपऱ्यात ठेवू' हे चालत नाही, कारण चिप एका वाडग्यातून दुसऱ्यात जाते. भारतातून आलेलं मेतकूट, लसणाची चटणी, मसाले यांची पाकिटं नीट वाचा. घरगुती मेतकूट असेल तर ते ज्या मिक्सरमध्ये दळलं त्यातच कूट होत असतं, त्यामुळे विकतचं, शेंगदाणा नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं पाकीट आणा. तसं मिळालं नाही तर त्या दिवशी मेतकुटाऐवजी काकडीचं डिप करा. तिळाचंही विचारा. 2023 पासून अमेरिकेत तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जन म्हणून पाकिटावर लिहावा लागतो, आणि हमसमधली ताहिनी म्हणजे तीळच. आपल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही लक्षात असू द्या.

शाकाहारी पाहुण्यांसाठी तीन ठिकाणी फसगत होते. डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते, 'व्हेजिटेरियन' लिहिलेलाच डबा घ्या. वुस्टरशायर सॉसमध्ये मासा असतो. आणि रँच, म्हणजे इथलं सगळ्यात लाडकं पांढरं डिप, बहुतेक वेळा मेयॉनेजचं, म्हणजे अंड्याचं. अंडं न खाणाऱ्या ताईंना ते चालणार नाही. प्रत्येक वाडग्यासमोर कागदाची छोटी चिठ्ठी उभी करा: नाव आणि आत काय आहे. पाहुण्यांना दर वेळी विचारावं लागत नाही, आणि त्यांना सुखानं खाता येतं.

बुडवायला काय? जाड वाटीसारख्या मक्याच्या चिप्स चवळी आणि ग्वाकामोलीला, रेघांच्या बटाटा चिप्स कांद्याच्या डिपला. गाजर, सेलरी, ढोबळी मिरचीच्या पट्ट्या कापून बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि वाढायच्या आधी अगदी कोरड्या पुसा. आणि शेवपुरीच्या चपट्या पुऱ्यांची तीन पाकिटं आणा. मेतकुटाच्या डिपला यांच्याइतकं काही शोभत नाही, मोडतही नाहीत. खाकरा चवीला उत्तम, पण बुडवताना तुटतो, त्याचे तुकडे डिपमध्ये सापडत राहतात.

प्रमाणाचं म्हणाल तर चार डिप असताना माणशी सगळं मिळून अर्धा कप धरा. सोळांना आठ कप. वर सांगितलेलं सगळं मिळून दहाएक कप होतं. पिझ्झाही येणार आहे, भरपूर झालं.

आता वेळेचा हिशेब, कारण न शिजवलेल्या अन्नात तो फार महत्त्वाचा आहे. सुपर बोल गेली काही वर्षं फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी असतो आणि आपल्याकडे ईस्ट कोस्टला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो. घड्याळात चार डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, म्हणजे एक तास, पण प्रत्यक्षात साडेतीन-चार तास जातात. पाहुणे पाचपासून येतील. म्हणजे पाच ते दहा, पाच तास वाडगे टेबलावर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की नाशवंत अन्न 4 अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. दही, अवाकाडो, शिजवलेली कडधान्यं, सगळी त्यात आली.

म्हणून प्रत्येक डिपचे दोन भाग करा, दोन लहान वाडग्यांत. पहिला साडेपाचला बाहेर, दुसरा फ्रीजमध्ये. सुपर बोलचं मध्यंतर नेहमीच्या सामन्यासारखं बारा-तेरा मिनिटांचं नसतं, गाण्याच्या कार्यक्रमामुळे ते अर्ध्या तासाच्या आसपास जातं आणि साधारण आठच्या पुढे येतं. तोपर्यंत पहिले वाडगे टिकावेत म्हणून एका खोल ट्रेमध्ये बर्फ पसरून त्यात ते रुतवा. मध्यंतरात जुने उचला, नवे ठेवा. जुन्या वाडग्यात नवं डिप ओतून भर घालू नका. वर ताजं दिसतं, पण तळाशी तीन तासांपूर्वीचं राहतं. आणखी एक, कच्च्या लसणाचं तेल करून बाटलीत बाहेर ठेवायची टूम हल्ली दिसते. ते करू नका. तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमके तिथे वाढतात.

महाराष्ट्रात कुणी हे वाचून आयपीएलच्या रात्री करणार असेल तर डेअरीतून तयार चक्का आणा, साखर न घातलेला आहे हे विचारून घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात खोलीचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर दोन तासांचा एकच तास धरा.

तुमचा क्रम असा लागेल. बुधवारी अवाकाडो, शुक्रवारी रात्री चक्का, शनिवारी दुपारी पाकिटं वाचून लागेल ते बदलणं, रात्री कांद्याचं डिप आणि चवळी. रविवारी दुपारी भाज्या चिरणं आणि मेतकूट, चारला खलबत्ता, पाचला मीठ आणि कच्चं तेल. शनिवारी दमला असाल तर चवळी रविवारी सकाळी केली तरी चालेल, कांद्याचं मात्र शनिवारीच.

मेतकुटाचं डिप फ्रीजमधून बाहेरच काढलं गेलं नाही असं उरलं, तर टाकू नका. सोमवारी राइस कुकरमध्ये मऊ भात लावा आणि त्यावर घ्या.